पुसलेली मुळं

मला घाण खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी तोंडावर हात ठेवायला नको. कपाखाली बशी नसली की माझं डोकं फिरतं, आणि ओल्या हातानं कुणी पुस्तक धरलं तर त्याची धडगत नसते. एकतीस वर्षं मी एका संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात वाळलेली रोपं कागदावर चिकटवायचं काम केलं. तिथं हा स्वभाव फार कामाला आला. आणि तिथंच त्यानं माझं नाक कापलं.

कामाचं स्वरूप सांगितलं की लोक हसायचे. "म्हणजे फुलं चिकटवायची? शाळेत पोरं करतात तसं?" हो बाई, तसंच. फक्त पोरांचं पुढच्या वर्षी रद्दीत जातं आणि माझं दोनशे वर्षं टिकायला हवं. रानातून रोप मुळासकट यायचं, वर्तमानपत्रात घालून लाकडी प्रेसमध्ये आवळलेलं. वाळलं की माझ्या टेबलावर. मुळाची माती झटकायची, एक पान सुलटं, एक पालथं मांडायचं, पातळ गोंद लावायचा, जाड दांड्याला सुईदोऱ्याचा टाका घालायचा. खालच्या उजव्या कोपऱ्यात लेबल : काय, कुठं, कधी, कुणी. वरच्या कोपऱ्यात घडीचं एक छोटं पाकीट. रोपाचं जे गळेल, पाकळी, बी, पानाचा तुकडा, ते त्या पाकिटात. गळलेलं काही फेकायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की एकदा लावलेलं लेबल कधी काढायचं नाही. चूक सापडली तर शेजारी दुसरी चिठ्ठी चिकटवायची, खाली आपली सही आणि तारीख. जुनी चूक तशीच राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. दादा म्हणायचा, "संसारात असा नियम असता तर एक घर धड राहिलं नसतं."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. रोपं गोळा करणं त्याचं काम, चिकटवणं माझं. तो आधी लागला, दोन वर्षांनी मी. वशिल्यानं लागली असं लोक म्हणाले, म्हणोत बापडे. माझा पहिला कागद बघितल्यावर तोंडं बंद झाली. दादा दहा-दहा दिवस माळावर असायचा. माळ म्हणजे मैलोन्‌मैल गवत आणि मध्येच एखादं खुरटं झाड. पुस्तकात त्याला सव्हाना म्हणतात, सरकारी कागदात पडीक जमीन. 'पडीक' शब्द ऐकला की दादा पिसाळायचा. "कुणी ठरवलं पडीक? झाडं दाट नाहीत म्हणून? मग टकल्या माणसाला डोकंच नाही म्हणा की!" आमचे तेव्हाचे मोठे साहेब पूर्ण टकले होते, आणि नेमके त्याच्या मागे उभे होते.

तो परत यायचा ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. लांबलचक हॉल, उत्तरेकडच्या उंच खिडक्या, हिरव्या पत्र्याची कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास. दुपारी जिन्यावर त्याचे बूट वाजायचे. खांद्यावर प्रेस आणि मोज्यांत इतकी कुसळं की मोजे काढून ठेवले तर उभे राहावेत. "चहा," एवढंच म्हणून तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा. मी गठ्ठा सोडायचे आणि ज्या वर्तमानपत्रांत रोपं गुंडाळलेली असत त्यातल्या शिळ्या बातम्या मोठ्यानं वाचायचे.

"उद्या तुरळक पाऊस," मी वाचायचे.

"तुरळक कसला! भिजून चिंब झालो," तो म्हणायचा.

घरी वहिनी चिमट्यानं त्याच्या मोज्यांतली कुसळं काढत त्याला लाखोली वाहायची, आणि त्यांची लेक चिऊ ती कुसळं मोजून एका वाटीत ठेवायची. सुखाचे दिवस होते ते. मला मात्र तेव्हा कळलं नाही, कारण मी बशी कुठं गेली म्हणून भांडत होते.

एका वर्षी उन्हाळा सरता सरता त्यानं ते रोप आणलं. वर बोटभर उंची, दोन पानं, एक पिवळं फूल. खाली मूळ म्हणजे दंडाएवढं जाड लाकूड, इतकं की उभं चिरून अर्धंच आणावं लागलं.

"हे झाड आहे," दादा म्हणाला. डोळे नुसते चमकत होते. "पण जमिनीखाली राहतं. वर फक्त डोकं काढून बघतं आणि पुन्हा गडप. आपल्या आजोबांच्या वयाचं असेल बघ."

गुराखी त्याला उलटं झाड म्हणायचे. त्या एका माळाखेरीज ते कुठंही सापडलं नव्हतं. दादानं एकच रोप उपटलं होतं. जास्त घ्यायला त्याचा हात धजला नाही. पुढं दीड महिन्यानं पुन्हा जाऊन त्यानं एका डबीत चौसष्ट बिया आणल्या, त्या संस्थेच्या थंड खोलीत गेल्या.

पण ते मूळ काळंकुट्ट! माथ्यावर जुन्या काड्यांची जळकी खुंटं, सालीच्या खाचाखाचांत राख. टेबलावर ठेवलं नाही तोवर माझा पांढरा कागद काळा. मी ब्रश उचलला.

"राहू दे," दादा म्हणाला.

"काय राहू दे?"

"राख. तीही त्याचीच आहे. गुराखी पावसाआधी गवताचे पट्टे पेटवतात ना, त्या राखेतून हे वर येतं. अठराव्या दिवशी. न जळलेल्या पट्ट्यात एकसुद्धा नाही, मी हिंडून बघितलंय."

"मग वहीत लिही की. माझ्या कागदावर काजळी कशाला?"

"वहीत लिहिलंय. कागदावरही असू दे. लेबलावरही येऊ दे. चकचकीतबाई, सगळंच पुसायचं नसतं."

चकचकीतबाई हे त्यानं मला ठेवलेलं नाव. ते ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत. लेबलं टाइप करायचं कामही माझ्याकडेच होतं. लेबल तीन बोटं रुंद, आणि त्याच्या वहीत सहा ओळी. मी टाइप केलं : 'उघडा माळ, मुरमाड जमीन. फूल पिवळं.' झालं. बाकीचं वहीत आहेच, म्हटलं. आणि तो चहा आणायला गेला तेवढ्यात कात्रीनं जळकी खुंटं छाटली, ब्रशनं मूळ लख्ख केलं, सगळी राख कागदावर गोळा करून केराच्या टोपलीत टाकली. गळलेलं फेकायचं नाही हा नियम मला पाठ होता. पण राख म्हणजे काही रोप नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

दादा आला. बघितलं. माझा कप ठेवला, बशीशिवाय. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. एका घरात राहून, एका टेबलावर बसून! जेवताना मीठ हवं असलं तरी चिऊला सांगायचा, "तुझ्या आत्याला म्हणावं मीठ दे." मी तरी कुठं कमी? "तुझ्या बाबाला विचार, हात मोडलेत का." वहिनीनं दोघांपुढं हात टेकले. चौथ्या आठवड्यात तो माळावरून आला, गठ्ठा माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "वाच, काय शिळं ते." मी वाचलं. भांडण मिटलं. राखेचा विषय मात्र त्यानंतर आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

तो कागद संस्थेत गाजला. त्याचा मोठा फोटो जिन्यापाशी लागला. पाहुणे आले की साहेब म्हणायचे, "आमच्या बाईंचा हात बघा! मूळ कसं चित्रासारखं." मी खाली बघून हसायचे, पण मान ताठ असायची.

पुढं माळ वाचवायचा म्हणून समिती बसली. तेव्हा दादा निवृत्त झालेला होता. समितीनं आधार घेतला तो आमच्या लेबलांचा, आणि उलट्या झाडाच्या लेबलावर आगीचा शब्द नव्हता. मग ठरलं : कुंपण घाला, गुरं बंद, आग बंद. वर उन्हाळे वाढत चाललेत म्हणून हवा थंड करायला ओळीनं झाडंही लावली. दादानं समितीला दोन पत्रं धाडली, की बाबांनो, या माळाला थोडी आग हवी असते, दाट झाडं नकोत. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं, 'नमुन्याच्या लेबलावर असा उल्लेख आढळत नाही.' ते पत्र त्यानं मला दाखवलं नाही. तो गेल्यावर त्याचं कपाट आवरताना मला सापडलं. मी वाचलं, घडी घातली आणि परत होतं तिथं ठेवलं.

दादा जाऊन नऊ वर्षं झाली. पुढचं त्यानं बघितलं नाही तेवढं बरं. दहा-बारा वर्षं गवत जळलंच नाही, नुसतं साचत गेलं. मग एक वर्ष असं आलं की आठ महिने थेंब नाही, आणि ऊन असं की पक्षी टपटप पडत होते. कुठून तरी ठिणगी पडली. साचलेलं गवत आणि लावलेली झाडं एकदम पेटली. गुराख्यांची आग गवताच्या वरवरून पळून जायची. ही तीन दिवस एका जागी बसली. जमिनीखालची ती दंडाएवढी मुळं आतल्या आत भाजून निघाली. त्यानंतर उलटं झाड कुणालाही दिसलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांचा पाऊस दोन दिवसांत कोसळला, संस्थेचं तळघर भरलं आणि दादाच्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला.

चिऊ आता चाळिशीला टेकली. त्याच संस्थेत, बियांच्या बँकेत आहे. गेल्या वर्षी एका गुरुवारी तिचा फोन आला.

"आत्या, बाबांची एखादी वही घरी राहिलीय का ग?"

"नाही ग. सगळ्या तळघरात होत्या. का?"

मग तिनं सांगितलं. उलटं झाड आता जगात उरलं होतं ते फक्त त्या डबीत. बिया म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, दर वर्षी त्यांतला जीव कमी होत होता, म्हणून तिनं रुजवायला घेतल्या. भिजवून पाहिल्या, थंडीत ठेवून पाहिल्या, वरचं कवच घासून पाहिलं. नात्यातल्या रोपांना जे जे चालतं ते सगळं केलं. एक बी हलली नाही. बऱ्याचशा कुजल्या.

"चौसष्टपैकी अकरा उरल्यात, आत्या. आता आम्लात बुडवून बघायच्या, सोमवारी. कवच फुटलं तर फुटलं, नाहीतर संपलं." मग तिला रडू फुटलं. "बाबांनी एवढ्या जपून आणल्या होत्या ग. त्रेपन्न मी मारल्या."

त्या क्षणी मला बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "जेवलीस का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. शुक्रवारी मी सगळं घर पुसलं. शनिवारी पुन्हा पुसलं. आता सांगून काय होणार, मी मनाशी म्हणत होते, बैल गेला नि झोपा केला. जिन्यापाशी फोटो आहे, लोक अजून बाईंचा हात म्हणून नाव घेतात; झाकली मूठ आहे, झाकलेलीच बरी. पण खरं कारण ते नव्हतंच. मला मूलबाळ नाही. चिऊ तेवढी आहे. बापाच्या त्रेपन्न बिया आत्याच्या ब्रशपायी गेल्या हे कळल्यावर ती पुन्हा फोन करेल का, ही भीती होती. रविवारी मी जेवले नाही. चहा केला तर बशी घ्यायची राहिली, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. तेव्हा म्हटलं, बये, आता बोल.

सोमवारी सकाळी नऊच्या आत मी संस्थेत पोचले. बियांची खोली पांढरीशुभ्र, मला आवडावी अशी. टेबलावर काचेची बशी आणि तीत अकरा बिया, मसुरीएवढ्या. चिऊनं हातमोजे चढवले होते. शेजारी संचालक उभे होते. हे संचालक विद्यार्थी असताना कागद वाकवला म्हणून मी त्यांना हॉलभर ऐकू जाईल असं झापलं होतं. ते अजून मला बघून हात मागं घेतात.

"थांब चिऊ," मी म्हटलं. "ते आम्ल ठेव खाली. मला काहीतरी सांगायचंय."

आणि सांगितलं. राख, खुंटं, अठरावा दिवस, तीन बोटांचं लेबल, केराची टोपली. काही झाकलं नाही. समितीकडून आलेलं उत्तर आणि ते पत्र मी परत ठेवलं तेही सांगितलं. चिऊ ऐकत होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"आत्या, धुराचा प्रयोग माझ्या यादीत शेवटी होता," ती हळू म्हणाली. "शेवटी. कारण लेबलावर आगीचा शब्द नाही. समितीच्या अहवालातही नाही. बाबा माळाच्या गवताला आग हवी म्हणायचे, या झाडाचं कधी बोलले नाहीत."

"अहवाल लेबलावरूनच केला ग."

"दोन वर्षं मी डोकं फोडतेय, आणि तुला माहीत होतं."

"होतं," मी म्हटलं.

संचालकांनी घसा खाकरला. "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण या शेवटच्या अकरा बिया आहेत. धुरानं बी जागी होते तशी मरतेही. तीस वर्षांपूर्वीच्या नुसत्या आठवणीवर मी परवानगी कशी देऊ? तुम्हीच मला शिकवलंत, कागदावर नाही ते नाही."

मी शिकवलेलं माझ्याच गळ्यात आलं. मला त्यांचा राग येईना, कारण ते बरोबर होते.

"मूळ कागद काढू," चिऊ माझ्याकडं न बघता म्हणाली. "आम्ही सगळे कॉम्प्युटरवरचा फोटोच बघतो. एखादा कण राहिला असेल."

"माझ्या हातून कण राहात नाही," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा या वाक्याची लाज वाटली.

आम्ही तिघं हॉलमध्ये गेलो. तीच हिरवी कपाटं, तोच वास. माझ्या टेबलावर आता स्कॅनर बसलाय. चिऊनं कागद काढून खिडकीपाशी ठेवला. तीस वर्षांनी मी माझंच काम बघत होते. फूल फिकट झालेलं, टाके जसेच्या तसे. चिऊ भिंग घेऊन मुळाची एक एक खाच तपासत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग भिंग खाली ठेवून तिनं मान हलवली. मूळ चाटून पुसून स्वच्छ होतं. बाईंचा हात!

माझी नजर वरच्या कोपऱ्यातल्या पाकिटावर गेली, आणि काहीतरी खुपलं. एकतीस वर्षं मी पाकिटं केली, हजारोंनी. माझी घडी तीन पदरी, कडा नखानं दाबलेली. हे पाकीट चौपदरी होतं, वाकडं, कडा विस्कटलेल्या.

"ही घडी माझी नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?" संचालकांनी विचारलं.

"म्हणजे हे पाकीट मी केलेलं नाही. माझं काढून कुणीतरी दुसरं लावलंय. अशी गबाळी घडी या हॉलमध्ये एकच माणूस घालायचा."

चिऊनं चिमट्यानं एक एक पदर उलगडला. आत राख होती. चिमूटभर, करडी, आणि तीत मी छाटलेली दोन जळकी खुंटं. कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं, दादाच्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'मुळावरची राख. गवत जळल्यावर अठरावा दिवस. केराच्या टोपलीतून उचलली. चकचकीतबाईला सांगू नये, भांडेल.'

चिऊनं ते मोठ्यानं वाचलं. शेवटच्या शब्दापाशी तिचा आवाज फुटला. ती हसत होती की रडत होती ते मला कळेना, आणि माझं काय चाललंय तेही कळेना. मी त्या कागदाला म्हटलं, "अरे वेड्या, सांगायचं होतंस! भांडले असते, तीन आठवडे बोलले नसते, आणखी काय झालं असतं? माझं तोंड चुकवायला माळ घालवलास!" संचालक खिडकीबाहेर बघत राहिले. मी ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिऊनं माझा हात धरला, हातमोज्यासकट. तीन दिवस ज्याची भीती होती ते तेवढ्यात मिटलं.

संचालकांनी परवानगी दिली, पण सहा बियांना. पाच परत थंड खोलीत. माणूस शहाणा आहे. मागच्या अंगणात चिऊनं पत्र्याच्या डब्यात वाळलं गवत भरलं, डब्याला नळी जोडली, नळीचं टोक पाण्यात सोडलं. धूर पाण्यात मुरवायचा आणि त्या पाण्यात बिया भिजवायच्या, अशी रीत. तिनं काडेपेटी माझ्यासमोर धरली.

"तू लाव, आत्या."

मी लावली. वारा फिरला आणि सगळा धूर माझ्या अंगावर आला. बाह्या काळ्या, तोंड काळं. चिऊ म्हणाली, "बाबा असते तर फोटो काढला असता." मी म्हटलं, "आणि जिन्यापाशी लावला असता मेल्यानं."

अठराव्या दिवशी मी हौसेनं गेले. काही नाही, नुसती वाळू. एकविसाव्या दिवशीही नाही. मी पुन्हा घर पुसायला लागले होते. चोविसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आत्या, दोन," चिऊ म्हणाली.

एवढंच. मी फोन हातात धरून खुर्चीत बसले. मला दादाला सांगायचं होतं. नऊ वर्षांत इतका तो कधी हवासा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती दोन रोपं बघितली. भाताच्या शितापेक्षा लहान. फूल यायला अजून कितीतरी वर्षं लागतील, ते मी बघणार नाही. पण वाळूत त्यांचं मूळ आत्ताच पानांच्या चौपट लांब गेलंय, म्हणाली चिऊ. तिनं समितीला पत्र लिहिलंय, की उरलेल्या माळावर गुराख्यांना पुन्हा पट्टे पेटवू द्या. सोबत पाकिटाचा फोटो जोडलाय. समिती आता काय म्हणते बघू.

मग आम्ही हॉलमध्ये गेलो. मी माझा जुना गोंदाचा ब्रश पिशवीतून आणला होता. चिऊनं कागद समोर ठेवला आणि कोरी चिठ्ठी दिली.

"नुसती दुरुस्ती लिहिलीस तरी चालेल, आत्या. तुझी सही नको घालूस. मी माझी घालते."

"नियम आहे," मी म्हटलं. "चूक सगळ्यांना दिसली पाहिजे, आणि कुणाची तेही."

मी लिहिलं : 'गवत जळल्यावर अठराव्या दिवशी राखेतून उगवते. मुळावर राख होती, ती मी पुसली. लेबलावरून आगीची नोंद मी गाळली. पाकीट पाहावे.' खाली सही आणि तारीख. जुन्या लेबलाच्या शेजारी चिठ्ठी लावली, कडा दाबल्या. मग पाकीट मिटायला घेतलं. तीन पदरी घडी हाताशी आली होती, पण ती सोडली आणि त्याच्याच वाकड्या रेघांवरून चौपदरी मिटलं.

मिटताना राखेचा कण अंगठ्याला लागला असणार. हात उचलला तर पांढऱ्या कागदावर, फुलाच्या अगदी शेजारी, माझ्या अंगठ्याचा काळा ठसा. माझा हात आपोआप खोडरबराकडं गेला.

"राहू दे," चिऊ म्हणाली. अगदी तिच्या बापासारखं.

मी राहू दिला.